‘शिकी’च्या आधी आणि ‘शिकी’त : जपानी भय-अ‍ॅनिमेची पार्श्वभूमी

‘शिकी’ ही २०१० ची जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे अ‍ॅनिमेशन, मालिका; मेलेली माणसे रक्त पिणारी होऊन उठतात अशी तिची कथा. ती समजायची तर तिच्या आधीच्या भुतांपासून सुरुवात करावी लागते. जपानी भयकथेतले भूत सहसा उगाच येत नाही. आधी कुणीतरी त्याच्यावर अन्याय केलेला असतो. १८२५ साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, रंगमंचावर आलेले ‘योत्सुया काइदान’ हे काबुकी नाटक घ्या. शेजाऱ्यांनी औषध म्हणून पाठवलेल्या विषाने नायिका ओइवाचा चेहरा विद्रूप होतो. नवरा इएमोन श्रीमंत घरात दुसरे लग्न करायला मोकळा व्हावा म्हणून तिला टाकतो आणि ती तळमळून मरते. पुढे ती त्याला छळते तेव्हा प्रेक्षकाची सहानुभूती तिच्याच बाजूला असते. मात्र इथे दोषी कोण, याबद्दल कुणालाच शंका नाही. नैतिक गुंतागुंत यायला अजून बराच काळ होता.

टीव्हीवर योकाई, म्हणजे लोककथांतली भुतेखेते, गाजवली ती चित्रकथाकार शिगेरू मिझुकींच्या ‘गेगेगे नो कितारो’ने, १९६८ मध्ये. कितारो हा माणसे आणि योकाई यांच्यामध्ये उभा राहणारा मुलगा. मिझुकींनी दुसऱ्या महायुद्धात रबौलला, आजच्या पापुआ न्यू गिनीत, डावा हात गमावला होता, आणि त्यांच्या योकाईंपेक्षा माणसेच बऱ्याचदा जास्त भयंकर असतात. तरी भाग संपेपर्यंत निवाडा होऊन जायचा.

तो निवाडा लांबवायला जागा मिळाली ती रात्री उशिराच्या प्रसारणात. फुजी टीव्हीने २००५ मध्ये ‘नोइतामिना’ हा रात्रीच्या अ‍ॅनिमेचा प्रसारण-पट्टा सुरू केला. खेळणी खपवण्याचे ओझे नसलेल्या, मोठ्यांसाठीच्या मालिका इथे चालू लागल्या. पुढच्याच वर्षी तिथे ‘आयाकाशी’ या भयकथांच्या मालिकेत ओइवा पुन्हा अवतरली. त्याच मालिकेतल्या बाकेनेकोच्या, म्हणजे भूतमांजराच्या, कथेतून २००७ ची ‘मोनोनोके’ निघाली : १२ भाग, पाच कथा. तिचा नायक असलेला औषधविक्या हा भुताचा आकार, घडलेली हकिगत आणि त्यामागची भावना, ही तिन्ही कळल्याशिवाय तलवार उपसूच शकत नाही. म्हणजे मारण्याआधी चौकशी सक्तीची. दरम्यान २००६ ची ‘हिगुराशी’ ही मालिका १९८३ चा तोच जून महिना पुन्हा पुन्हा सांगत होती. एका फेरीतला खुनी दुसऱ्या फेरीत बळी ठरायचा.

‘शिकी’ या वळणावर आली. मूळ कादंबरी फुयुमी ओनो यांची, १९९८ ची, दोन जाड खंडांत. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ या पिशाचकादंबरीचे ऋण ती उघडपणे मान्य करते. र्‍यू फुजिसाकी यांनी तिची मांगा, म्हणजे चित्रकथा, केली, आणि स्टुडिओ दौमेची २२ भागांची मालिका जुलै ते डिसेंबर २०१० मध्ये नोइतामिनावर आली. फुजिसाकींच्या शैलीतली ती अचाट केशरचना मात्र सुरुवातीला भीतीच्या आड येते, हे खरेच.

सोतोबा हे डोंगरातले १३०० वस्तीचे गाव. थडग्यामागे उभ्या करायच्या लाकडी फळ्या बनवणे हा तिथला जुना धंदा. जपानमध्ये आज जवळजवळ सगळे मृतदेह जाळले जातात. या गावात अजून पुरतात. ही तपशिलाची सजावट नव्हे. दहन झाले असते तर कुणी उठलेच नसते, आणि पुरायची रीत मोडायला गाव तयार नाही. दुसरा नियम असा की घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय शिकीला, म्हणजे मरून उठलेल्या रक्तपिपासूला, आत येता येत नाही. त्यामुळे धोका दारावर हाक मारणाऱ्या ओळखीच्या आवाजात असतो.

खरी मेख तिसऱ्या नियमात आहे. बहुतेक पिशाचकथांत उठून आलेला तो ‘तो’ उरत नाही, त्यामुळे छातीत खुंटा ठोकणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात. शिकीला आठवणी असतात, स्वभाव तोच असतो, भूक मात्र रक्ताची. कोण उठेल आणि कोण नाही, हेही त्यांच्या हातात नाही. मरून उठलेला तोरू भूक आणि दहशत यांच्यापायी स्वतःचा मित्र नात्सुनो याचे रक्त पितो आणि रडतो. तशीच उठलेली परिचारिका रित्सुको रक्त प्यायला शेवटपर्यंत नकार देते. ती एकटी पुरेशी आहे : नकार शक्य आहे हे तिच्यामुळे सिद्ध होते, आणि त्याची किंमत काय तेही दिसते.

दुसऱ्या बाजूला डॉक्टर तोशिओ ओझाकी. आधी रक्तक्षय, मग साथ असे समजून तो तपासण्या करत राहतो. बायको क्योको मरून उठते तेव्हा तिला बांधून ठेवतो आणि कशाने इजा होते, कशाने नाही, हे एकेक करून पाहतो. ती शुद्धीत असते. त्यातून मिळालेली माहिती बिनचूक असते आणि तिच्यामुळे माणसे वाचतात. प्रसंग पचत नाही तो म्हणूनच. त्याचा मित्र, बौद्ध भिक्षू मुरोई, हत्येला नकार देतो आणि अखेरीस शिकींची म्होरकी सुनाको हिच्या, म्हणजे शिकींच्या, बाजूला जातो.

हे सगळे जमते ते संथ गतीमुळे. पहिले काही भाग दवाखाना, अंत्ययात्रा आणि गावगप्पा यांत जातात, पात्रेही भरमसाट. अनेकजण इथेच मालिका सोडतात. पण एका भागात गाणी वजा जाता साधारण २१ मिनिटेच हाती उरतात. शेवटी खुंटा ठोकताना समोरचा किराणावाला कोण होता हे आठवायचे असेल तर त्याला आधी गिऱ्हाइकाशी बोलताना पाहिलेले असावे लागते. नकला करणाऱ्या मालिका नेमके हेच कापतात आणि पहिल्याच भागात रक्त दाखवतात.

२०.५ आणि २१.५ क्रमांकांचे दोन भाग टीव्हीवर आले नाहीत, ते डिस्कवर आहेत. ते शेवटी जोडून न पाहता त्यांच्या क्रमांकाच्या जागीच पाहावेत.