संपादन की मुद्रितशोधन? बाड धाडायच्या आधी

दर दोन-तीन महिन्यांनी एक फोन येतो आणि तो बहुतेक असाच असतो, "मॅडम, पुस्तक लिहून पूर्ण झालंय, तेवढं फक्त शुद्धलेखन बघून द्या, मग संपादकांकडे देतो." मी म्हणते पाठवा, बघते. फाइल उघडली की कळतं, वेलांट्या-उकार ही त्यातली सगळ्यात किरकोळ अडचण आहे. तिसरं प्रकरण आणि सातवं प्रकरण एकच किस्सा सांगतायत, ज्या मामाला पान ३० वर स्मशानात पोचवलंय तो पान ८८ वर लग्नाच्या पंगतीत जिलेबी खातोय, आणि मनोगत अकरा पानांचं आहे. याला शुद्धलेखन काय करणार? उलटा प्रकारही असतोच. पुस्तक लागून झालेलं असतं, प्रूफं (छपाईआधी तपासायला काढलेली पानं) हातात येतात आणि लेखक लाल पेन घेऊन अख्खं प्रकरण नव्याने लिहायला बसतो, कारण त्याच्या मते "तपासून द्या" म्हणजे हेच.

तर संपादन वेगळं आणि मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफं वाचून चुका काढणं, वेगळं. गोंधळ व्हायला कारणंही आहेत म्हणा, लहान प्रकाशनात दोन्ही कामं एकच माणूस करतो (मीसुद्धा करते), आणि आपण बोलताना सगळ्यालाच "प्रूफ बघणं" म्हणतो. पण लेखकाच्या खिशाच्या आणि डोक्याच्या दृष्टीने हा फरक आधी कळलेला बरा.

एक वाक्य घेऊ. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आपल्या आजोबांवर पुस्तक लिहीत होते, त्यातलं हे:

"आजोबांनी १९४८ साली कोकणातुन पुण्यात येउन किराण्याचे दुकान टाकले त्यावेळी ते अवघे चौदा वर्षाचे होते."

मुद्रितशोधक इथे काय करेल? कोकणातुनचं कोकणातून, येउनचं येऊन, "त्यावेळी" तोडून "त्या वेळी", वर्षाचेवर अनुस्वार देऊन वर्षांचे, आणि "टाकले"च्या पुढे स्वल्पविराम. पाच खुणा, वाक्य एकदम स्वच्छ. आणि तरीही चूक ती चूकच! कारण पान १२ वर आजोबांचा जन्म १९२९ सालचा दिलाय. म्हणजे १९४८ ला ते एकोणीस वर्षांचे. ही गोष्ट संपादकाच्या डोळ्यात खुपते, कारण तो पान १२ डोक्यात ठेवून हे पान वाचत असतो. शिवाय त्याला आणखी प्रश्न पडतात, चौदा वर्षांच्या पोराकडे दुकान टाकायला पैसे आले कुठून, राहिला कुठे, एकटा आला की कुणाबरोबर? तो समासात लिहितो, "वय आणि साल जुळत नाही. मधे काही राहिलंय का?" आणि फाइल परत पाठवतो. स्वतःच्या मनाने चौदाचं एकोणीस करत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण चूक वयात आहे की सालात हे फक्त लेखकाला माहीत. या वाक्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

संपादक बाड, म्हणजे लेखकाची मूळ प्रत, वाचतो तो वाचकाच्या बाजूने. ही गोष्ट इथून सुरू का झाली, हे प्रकरण नसतं तर काय बिघडलं असतं, हा माणूस दोनशे पानं गप्प होता तो अचानक भाषण का देतोय, असं सगळं. मुद्रितशोधक वाचतो तो अक्षराच्या बाजूने. त्याला गोष्टीत रमायला परवानगीच नाही, रमला की गेला, कारण रमलेला डोळा चुकीचा शब्दही बरोबरच वाचतो. म्हणून जुन्या छापखान्यांत एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवून बघत जायचं अशी पद्धत होती, विरामचिन्हंसुद्धा वाचायची, "स्वल्प", "पूर्ण", असं. आमच्यातले काही जण अजूनही अवघड पान शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे वाचतात, अर्थ लागूच नये म्हणून.

मराठीत संपादनाचा विषय निघाला की गिरगावातल्या खटाववाडीचं नाव निघतंच. तिथलं मौज प्रकाशन आणि त्यांचं 'सत्यकथा' मासिक, आणि त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन. कथा आली की ती वाचून लेखकाला सविस्तर पत्र लिहायचं, कुठे पकड सुटली ते सांगायचं, आणि पुन्हा लिहून मागवायची, असा तिथला शिरस्ता. काहींना तो जाच वाटायचा, काहींनी त्याचे आयुष्यभर आभार मानले. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं पण "संपादकाचं पत्र" म्हटलं की जुन्या लोकांच्या डोळ्यांपुढे अजून तेच येतं. मी हे मुद्दाम सांगतेय कारण त्या पत्रांतला मुख्य विषय ऱ्हस्व-दीर्घ हा नव्हता. ते झालं संपादन. आज एवढा वेळ देणारे संपादक कमी उरलेत, हे माझं मत, आणि म्हणूनच लेखक मुद्रितशोधकाकडून संपादनाची अपेक्षा धरून बसतो, आणि तो बिचारा पानामागे ठरलेल्या पैशांत वेलांट्या बघत असतो.

मुद्रितशोधकाच्या हाताशी नियम असतात. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, एकूण १८. म्हणून "कवी" दीर्घ पण "कविसंमेलन" ऱ्हस्व, "गुरू" दीर्घ पण "गुरुदक्षिणा" ऱ्हस्व, "गरीब" पण "गरिबाला", "मूल" पण "मुलाला". इथे वाद घालायला फारशी जागा नाही, नियमात बसतं किंवा बसत नाही. संपादकाचं मात्र बरचसं काम असं असतं की दोन चांगले संपादक दोन वेगळ्या गोष्टी सांगतील आणि दोघंही बरोबर असतील.

मधला एक पट्टा आहे तिथे खरी गंमत होते. पुस्तकात "केलं, असं, झालं" ठेवायचं की "केले, असे, झाले"? निवेदनात एक आणि संवादात एक? आकडे अंकी की अक्षरी? "इंग्रज" म्हणायचं की "ब्रिटिश"? हे ठरवणं संपादकाचं काम, आणि ठरल्यावर ते तीनशे पानांत सगळीकडे तसंच आहे ना हे बघणं मुद्रितशोधकाचं. ठरवलंच नसेल तर मुद्रितशोधक आपल्या मनाने ठरवतो आणि मग भांडणं होतात.

माझं स्वतःचं सांगते. अगदी नवी होते तेव्हा एक कादंबरी प्रूफासाठी आली, त्यात आजीचे संवाद वऱ्हाडी. "मले नाई पायजे", "काहून गेला तू" असे. मी उत्साहात तीन प्रकरणांत मलेचं मला केलं, काहूनचं का केलं, नाईचं नाही केलं आणि फार छान काम केलं म्हणून खूष होते. लेखकाचा फोन आला, आवाज अगदी शांत, "ताई, माझ्या आजीला तुम्ही सदाशिव पेठेत नेऊन ठेवलंत हो." दोन रात्री बसून सगळं परत केलं. बोलीत हात घालायचा असेल तर तो निर्णय संपादकाचा आणि लेखकाचा, मी फक्त एवढंच बघायला हवं होतं की एका पानावर "मले" आणि दुसऱ्यावर "मला" असं आजीच्याच तोंडी येत नाही ना. तेव्हापासून संवादात काही खटकलं तर मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह करते आणि पुढे जाते.

आता वेळेचं. संपादन होतं अक्षरजुळणीच्या आधी, वर्डच्या फाइलवर. प्रश्न येतात, लेखक उत्तरं देतो, काही प्रकरणं पुन्हा लिहितो, एखादं कापतो (रडत रडत), पुन्हा संपादक बघतो, असं दोन-तीनदा झालं की जी प्रत तयार होते तिला मुद्रणप्रत म्हणायचं. मग ती डीटीपीवाल्याकडे जाते, पानं लागतात, आणि त्या लागलेल्या पानांची प्रूफं येतात. मुद्रितशोधन होतं ते या प्रूफांवर. मुद्रितशोधक मुद्रणप्रत शेजारी ठेवून बघतो की तिच्यातलं सगळं उतरलंय का, एखादा परिच्छेद गळलाय का, दोनदा पडलाय का. शिवाय फाइलमध्ये नव्हत्याच अशा गोष्टी, म्हणजे अनुक्रमणिकेतले पान क्रमांक, पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव, फोटोखालची ओळ त्याच फोटोखाली आहे का, प्रकरणाची शेवटची एकच ओळ नव्या पानावर एकटी पडलीय का. आणि फॉन्ट! श्रीलिपीत (ही युनिकोडच्या आधीची मराठी फॉन्टची पद्धत) टाइप केलेलं युनिकोडमध्ये नेलं की काय काय होतं ते ज्याने भोगलंय त्याला विचारा, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं, जोडाक्षरांचे पाय मोडतात. या चुका लेखकाच्या नाहीत, संपादकाच्याही नाहीत, त्या वाटेत झालेल्या आहेत, म्हणून वाटेच्या शेवटी कुणीतरी उभं लागतं.

आणि म्हणूनच प्रूफात नवीन लिहू नका असं सगळे ओरडत असतात. पान ४० वर तुम्ही तीन ओळी वाढवल्या की प्रकरणाच्या शेवटापर्यंत सगळं खाली सरकतं, शेवटच्या ओळी नव्या पानावर गेल्या की पुढच्या सगळ्या प्रकरणांचे पान क्रमांक बदलतात, अनुक्रमणिका बदलते, "पान १२६ पाहा" असं कुठे लिहिलं असेल तर ते खोटं ठरतं. पुस्तक छापलं जातं फर्म्यांत, साधारण सोळा पानांचा एक, त्यामुळे १६० पानांत बसवलेलं पुस्तक १६१ झालं तर प्रकाशकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. हे काम खिळ्यांच्या काळात (एकेक अक्षराचा धातूचा ठसा हाताने जुळवायचे तेव्हा) जास्त जिकिरीचं होतं, आता कॉम्प्युटरवर सोपं झालंय, पण फुकट झालेलं नाही. शिवाय नव्या तीन ओळींत नव्या दोन चुका असतात, हा माझा अनुभव.

आणखी एक, घरच्या घरी मुद्रितशोधन करायचा मोह. एका लेखकाने कुठेतरी वाचलं की "कि" चुकीचं आणि "की" बरोबर, आणि वर्डमध्ये शोधा-बदला वापरून सगळे "कि" एका फटक्यात "की" करून टाकले. नंतर माझ्याकडे फाइल आली ती "कीती", "कील्ला", "कीराणा" अशी. तेव्हा असं काही करू नका, चुका राहिल्या तर राहू द्या, त्या काढायला माणूस आहे.

मग संपादकाकडे पाठवताना "पूर्ण" म्हणजे किती पूर्ण? मी तर म्हणेन की ऱ्हस्व-दीर्घासाठी अडून बसू नका, ते शेवटी होणारच आहे, आणि जे प्रकरण संपादक कापायला सांगणार आहे त्यातले अनुस्वार आधी पैसे देऊन सुधारून घेण्यात काय अर्थ. त्याऐवजी बाड महिनाभर बाजूला ठेवा, मग प्रिंट काढून एकदा मोठ्याने वाचा, जिथे आपल्यालाच कंटाळा येतो तिथे खूण करा. माणसांची नावं, नाती आणि सालं यांचा एक साधा कागद करा, संपादक दुवा देईल. फाइल युनिकोडमध्ये, एकच फॉन्ट, पानांना नंबर, रंगीत शीर्षकं आणि फुलांच्या चौकटी नकोत. आणि सोबतच्या पत्रात सरळ लिहा की मला काय हवंय. "वाचून मत द्या" हे एक काम, "संपादन करा" हे दुसरं, "प्रूफ तपासा" हे तिसरं, आणि तिन्हींचे पैसे आणि वेळ वेगळे. तिसऱ्याचा हिशोब पानावर होतो, दुसऱ्याचा बाड बघितल्याशिवाय कुणी शहाणा माणूस सांगणार नाही.

तर ते काका. समासातला प्रश्न बघून आधी चिडले, "एवढं काय त्यात, एकोणीस करून टाका." संपादक म्हणाले, करा, पण एकदा घरात विचारून. काकांनी नव्वदीच्या आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, अरे, आला तो चौदाव्या वर्षीच, १९४३ ला, पण दुकान कुठलं, पाच वर्षं दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलली, फळीवर झोपला, मग अठ्ठेचाळीसला स्वतःचं टाकलं. काकांना हे माहीतच नव्हतं! त्यांच्या वाक्यात दोन घटना एकमेकींत मिसळून गेल्या होत्या आणि मधली पाच वर्षं गायब. त्यातून आठ पानांचं नवं प्रकरण आलं आणि मला विचाराल तर पुस्तकातलं सगळ्यात चांगलं तेच आहे.

त्या पुस्तकाची प्रूफं माझ्याकडे आली. आत सगळं जुळलेलं होतं, साल, वय, प्रकरणांचे क्रमांक. सगळ्यात शेवटी मुखपृष्ठाचं प्रूफ आलं, त्यावर मागच्या बाजूला पुस्तकाची ओळख, जी कुणीतरी पहिल्या खर्ड्यावरून वर्षभर आधी लिहून ठेवली होती आणि नंतर कुणीच वाचली नव्हती. "वयाच्या चौदाव्या वर्षी पुण्यात स्वतःचे दुकान टाकणाऱ्या..." अशी सुरुवात. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. मी गोल केला आणि काकांना फोन लावला.