फौजी तंबूत शेगडी आली कुठून? लाकडापासून बुखारीपर्यंत

आपल्या कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आहे, तिथून ट्रेनिंग झालेली पोरं पुढे लडाख-काश्मीरकडे पोस्टिंगला जातात आणि सुट्टीवर आली की गप्पांत बुखारीचा विषय निघतोच. बुखारी म्हणजे लोखंडी शेगडी, खाली जाळ आणि वरून धुराचा पाइप तंबूच्या किंवा बंकरच्या बाहेर काढलेला. नागपुरात पारा ८-१० वर आला की आपण चौकात शेकोटी पेटवतो, पण ती उघड्यावर असते, धूर कुठंही गेला तरी चालतो. बंद तंबूत खरा प्रश्न धुराचाच, आणि मला वाटतं या सगळ्या इतिहासात आगीपेक्षा धूर आणि इंधन यांचाच भाग मोठा आहे.

अमेरिकन फौजेतल्या हेन्री सिबली नावाच्या अधिकाऱ्याने 1856 मध्ये शंकूसारख्या तंबूचं पेटंट घेतलं. तिथल्या मूळ आदिवासींचे टिपी तंबू असतात ना, त्याच धर्तीवर, मधे एक खांब, शेंड्याला धुरासाठी वाट, आणि जवान मधल्या शेगडीकडे पाय करून गोल झोपायचे. त्याची शेगडीपण शंकूसारखीच, पातळ पत्र्याची, तिला बूडच नाही, सरळ जमिनीवर ठेवायची आणि वर पाइप जोडायचा. हलकी, स्वस्त, मोडायला काही नाही, म्हणून तंबू वापरातून गेला तरी शेगडी पुढं कित्येक दशकं अमेरिकन फौजेत टिकली. सिबली स्वतः मात्र यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने गेला आणि सरकारकडून मिळणारी रॉयल्टी गमावून बसला.

फिनलंडवाल्यांनी हेच काम सगळ्यात शिस्तीत केलं. 1939-40 च्या हिवाळी युद्धात त्यांच्या तंबूत मधोमध लाकडाची शेगडी असायची आणि बाकीचे झोपले तरी एक जण आळीपाळीने जागा राहून लाकडं घालायचा, ठिणगीवर नजर ठेवायचा. समोरची सोव्हिएत फौज उघड्यावर गारठून मरत होती, त्यामुळे या शेगडीला मी हत्याराइतकंच महत्त्व देतो.

पण हे जमलं कारण फिनलंडमध्ये जंगल आहे. लडाखमध्ये झाडच नाही राजेहो! 1962 ला आपले जवान धड गरम कपड्यांशिवाय त्या उंचीवर लढले, आणि 13 एप्रिल 1984 ला ऑपरेशन मेघदूत सुरू होऊन सियाचिनवर कायमचं राहायची वेळ आली तेव्हा लाकडाचा विचारच शक्य नव्हता. मग रॉकेलची बुखारी. आणि ते रॉकेल वर न्यायचं म्हणजे हेलिकॉप्टर, पोर्टर, खेचरं, म्हणजे उबेच्या प्रत्येक लिटरमागे कोणाचा तरी जीव धोक्यात.

दुसरा धोका आतला. उंचीवर ऑक्सिजन कमी, त्यात थंडी आत येऊ नये म्हणून सगळ्या फटी बुजवलेल्या, मग इंधन नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, झोपेतला माणूस उठतच नाही. बर्फाने पाइपचं तोंड बंद झालं तरी हेच होतं.

2020 मध्ये पूर्व लडाखमध्ये चीनसोबत तणाव वाढला, हजारो जवानांना तिथेच हिवाळा काढावा लागला, तेव्हा या विषयाकडे देशाचं लक्ष गेलं. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने 2021 च्या सुरुवातीला हिमतापक नावाचं सुधारित हीटर पुढे आणलं, इंधन जवळपास अर्धं लागतं आणि विषारी वायूचा धोका नाही असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी फेब्रुवारीत लडाखचे इंजिनिअर सोनम वांगचुक यांनी सूर्याच्या उष्णतेवर गरम राहणारा 10 जवानांचा तंबू दाखवला, रात्री बाहेर उणे 14 आणि आत 15 अंश. त्याचा एकेक भाग 30 किलोच्या आत आहे, म्हणजे पाठीवर नेता येतो, आणि एकदा उभा केला की त्याच्यासाठी रॉकेल वर चढवायची गरज नाही. माझ्या मते पैसा आणि मेहनत आता याच दिशेने लागायला पाहिजे, आणि जिथे अजून बुखारीच जळून राहिली तिथे पाइपची काजळी वेळेवर काढणं, झरोका उघडा ठेवणं आणि रात्री एक जण जागा ठेवणं यात जराही ढिलाई नको.