दोन फाइलींत नेमकं काय बदललं?

रात्री उशिरा एका वेबसाइटचा फॉर्म माझ्याच हातून मोडला. संध्याकाळपर्यंत नीट चालणारी फाइल आणि आत्ताची फाइल शेजारी शेजारी उघडून मी तासभर बघत बसलो होतो. साडेसहाशे ओळी. शेवटी डिफ चालवलं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर समोर आलं: ४१२व्या ओळीत शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला होता. त्या ओळीवरून माझी नजर निदान दहा वेळा तरी फिरली असेल.

डिफ म्हणजे दोन फाइलींतला फरक दाखवणारा छोटासा प्रोग्राम. वाटतं, यात काय अवघड आहे? पहिली ओळ पहिलीशी, दुसरी दुसरीशी ताडून बघायची, झालं. पण असं करून बघा. एका फाइलीत क, ख, ग, घ, च अशा पाच ओळी आहेत. दुसरीत ख गळली आणि शेवटच्या ओळीआधी छ घुसली, म्हणजे क, ग, घ, छ, च. क्रमाने ताडलं तर दुसरी, तिसरी, चौथी अशा तिन्ही ओळी चुकीच्या ठरतात, ग आणि घ दोन्हीकडे जशाच्या तशा असूनही. फाइलीच्या अगदी वर एकच नवी ओळ टाका, की या पद्धतीने जवळपास सगळी फाइलच बदललेली दिसेल.

म्हणून डिफ उलट्या बाजूने सुरुवात करतं. फरक न शोधता ते आधी सारखं काय आहे ते शोधतं. दोन्ही फाइलींत त्याच क्रमाने येणारी ओळींची सर्वांत लांब साखळी कोणती? मधे इतर ओळी आल्या तरी चालतील, क्रम मात्र मोडता कामा नये. आपल्या उदाहरणात ती साखळी आहे क, ग, घ, च. ती बाजूला काढली की पहिल्या फाइलीत उरते ख, ती गेलेली ओळ. दुसरीत उरते छ, ती आलेली ओळ. फरक म्हणजे सारखं काढून घेतल्यावर खाली उरलेला गाळ.

आता ही साखळी शोधायची कशी? प्रत्येक ओळ घ्यायची किंवा सोडायची असे पर्याय धरले, तर फक्त ४० ओळींच्या फाइलीतून १ लाख कोटींहून जास्त साखळ्या निघतात. त्या एकेक तपासण्यात अर्थ नाही. त्याऐवजी एक तक्ता मांडतात: आडव्या बाजूला एका फाइलीच्या ओळी, उभ्या बाजूला दुसरीच्या. प्रत्येक चौकटीत इतकंच लिहायचं, की इथपर्यंतच्या ओळींत जास्तीत जास्त किती ओळी जुळल्या. हा आकडा काढायला वरची, डावीकडची आणि तिरकी अशा तीन शेजारी चौकटी पुरतात. ४० बाय ४०चा तक्ता म्हणजे १६०० चौकटी. कुठे लाख कोटी आणि कुठे सोळाशे! प्रथिनांमधल्या अमिनो आम्लांच्या माळा ताडून बघण्यासाठी सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श यांनी १९७० मध्ये वापरलेली युक्ती याच घराण्यातली.

पण फाइल मोठी झाली की तक्ताही अवाढव्य होतो, आणि त्या काळच्या यंत्रांची मेमरी तुटपुंजी होती. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी डिफ लिहिलं, ते १९७४ च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आलं. जेम्स हंट यांच्यासोबत त्यांनी १९७६ मध्ये त्यामागची पद्धत मांडली. तीत ओळीची अक्षरं पुन्हा पुन्हा ताडत बसायचं नाही. प्रत्येक ओळीचा एक आकडा करायचा आणि आकडे जुळतात तिथेच लक्ष घालायचं. १९८६ मध्ये यूजीन मायर्स यांनी आणखी चतुर पद्धत दिली. तिला लागणारा वेळ फाइलीच्या लांबीइतकाच फरकाच्या संख्येवरही ठरतो, म्हणजे फाइली जितक्या सारख्या तितकं काम झटपट. रोजच्या वापरात बहुतेक वेळा दोन-चार ओळीच बदललेल्या असतात, त्यामुळे हा सौदा फारच फायद्याचा. फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं, २००५ मध्ये आलेलं गिट आजही काही वेगळं सांगितलं नाही तर मायर्स यांचीच पद्धत वापरतं.

१९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी याला जोड दिली पॅच या प्रोग्रामची. डिफने काढलेला फरक दुसऱ्याकडे पाठवायचा आणि त्याने तो आपल्या फाइलीवर चढवायचा. बदलाच्या मागच्या-पुढच्या सहसा तीन-तीन ओळी सोबत जातात, म्हणून ओळींचे क्रमांक थोडे सरकले असले तरी पॅचला जागा सापडते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातले बदल आजही ईमेलने असेच फिरतात.

डिफचं उत्तर गणिताने बरोबर असूनही वाचायला विचित्र असू शकतं. प्रोग्राममध्ये एकेका कामाचा तुकडा म्हणजे फंक्शन, आणि अनेक भाषांत ते महिरपी कंसाने संपतं. अशा दोन फंक्शनांच्या मधे तिसरं लिहिलं, तर आधीच्या फंक्शनाचा शेवटचा महिरपी कंस नव्याच्या खात्यात आणि नव्याचा आधीच्याच्या खात्यात, असा घोळ हमखास दिसतो. कारण सोपं आहे: सगळे कंस सारखेच, त्याला कोणता कुणाचा हे कुठून कळणार? ब्रॅम कोहेन यांच्या पेशन्स पद्धतीत दोन्ही फाइलींत एकदाच येणाऱ्या ओळी आधी जुळवतात, त्यामुळे असे प्रकार कमी होतात. परिच्छेद उचलून दुसरीकडे नेला तर साधं डिफ मात्र बापडं ‘इथला गेला, तिथे आला’ एवढंच सांगतं.

हे सगळं वापरायला प्रोग्रामर असण्याची गरज नाही. वर्डमध्ये रिव्ह्यू टॅबखाली कंपेअर आहे. समोरच्याने कराराचा मसुदा ‘किरकोळ दुरुस्त्या करून’ परत पाठवला की मी आधी तेच चालवतो. विंडोजवर विनमर्ज, लिनक्सवर मेल्ड फुकट मिळतात आणि रंगांत फरक दाखवतात. मजकूर चिकटवून तुलना करून देणाऱ्या वेबसाइटही आहेत, पण त्यांपैकी काही तुमचा मजकूर सर्व्हरवर पाठवतात. शंका असेल तर पान उघडल्यावर इंटरनेट बंद करा आणि मग नकली मजकूर टाकून तुलना करून बघा. जमली नाही, तर गोपनीय कागद तिथे टाकू नका.

मराठी मजकुराशी काम करणाऱ्यांना डिफ आणखी एक चमत्कार दाखवतं. ‘दऱ्या’ हा शब्द असलेल्या दोन ओळी मला एकदा लाल-हिरव्या दिसल्या, आणि कितीही मोठ्या करून पाहिल्या तरी फरक दिसेना. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत, एकाच क्रमांकाचं असू शकतं, किंवा र आणि नुक्ता (खालचं टिंब) अशा दोन क्रमांकांचं. तिसरा प्रकारही आहे: साधा र, हलन्त आणि पुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच, डिफच्या हिशेबी तीन वेगळे शब्द. पहिले दोन युनिकोड एकच मानतं, त्यामुळे नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे समान मानलेले प्रकार एकाच रूपात आणले, की ते एक होतात. तिसरा मात्र तसाच राहतो, तो हाताने बदलावा लागतो. माझ्या फाइलीत नेमका तो तिसरा होता, आणि शोधाच्या चौकटीत ‘दऱ्या’ टाइप केल्यावर ते पान का सापडत नव्हतं, तेही तेव्हाच कळलं.