अर्धस्वयंचलित क्रीडा रायफलीची अचूकता

चाप ओढला की एक गोळी सुटते आणि त्याच बाराच्या जोरावर रिकामे टरफल बाहेर फेकले जाऊन पुढचे काडतूस आपोआप चढते, अशी शिकारीची किंवा नेमबाजीची रायफल म्हणजे अर्धस्वयंचलित क्रीडा रायफल. एकाच ठिकाणी नेम धरून झाडलेल्या तिच्या गोळ्या किती जवळजवळ पडतात, यावरून तिची अचूकता ठरते. गोळ्यांचा पुंजका मध्यापासून बाजूला पडत असेल तर माशी (नळीवरची नेम धरायची खूण) किंवा दुर्बीण सरकवून तो जागेवर आणता येतो. विखुरलेला पुंजका मात्र तसा आवळता येत नाही. हा विखुरलेपणा कोनाच्या मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात मोजतात. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे २.९ सेंमी.

हाताने बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग, ओढायच्या रायफलीत गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत यंत्रणा घट्ट बंद असते. वायूवर चालणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलीत गोळी अजून नळीत असतानाच बाराचा वायू एका छिद्रातून यंत्रणा मागे ढकलणाऱ्या दट्ट्याकडे वळतो, त्यामुळे नळीला लटकवलेला प्रत्येक भाग तिच्या कंपनात भर घालतो. कंपन असणारच, ते दर बाराला सारखे असले की गोळ्या एकत्र पडतात. म्हणून अचूकता वाढवण्याच्या बहुतेक उपायांचा रोख एकसारखेपणावर असतो.

रूगर मिनी-१४ या रायफलीत हे स्पष्ट दिसते. तिचा वायुठोकळा, म्हणजे नळीतला वायू वळवून घेणारा भाग, दोन अर्ध्या भागांचा असून चार स्क्रूंनी नळीभोवती आवळलेला असतो. स्क्रू कमीजास्त आवळले गेले तर नळीवर एका बाजूने ताण येतो. दोन्ही अर्ध्यांमधली फट चारही बाजूंना सारखी ठेवून स्क्रू बसवले, तर पुष्कळदा एकही नवा भाग न घेता पुंजका लहान होतो. वायूचे छिद्र लहान करणारी बुशिंग, म्हणजे छोटी नळकांडी, घातल्यास बोल्टला मागे नेणाऱ्या सरकदांड्याचा तडाखाही सौम्य होतो. जुन्या मिनी-१४ ची नळी बारीक होती. ती लवकर तापते आणि तापली की गोळ्या सरकू लागतात. अशा नळीला बारांमध्ये निवण्यास वेळ देणे हाच सर्वांत स्वस्त उपाय.

१९६४ साली आलेल्या रूगर १०/२२ ची गोष्ट वेगळी. .२२ लाँग रायफल काडतुसाची ही रायफल बोल्टच्या नुसत्या वजनावर आणि स्प्रिंगवर चालते. तिच्यात वायूचा दट्ट्या नाही. नळी एका व्ही-आकाराच्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी धरलेली असल्याने बदलणे सोपे, म्हणून तिच्यासाठी असंख्य सुटे भाग मिळतात. पण पहिला खर्च काडतुसांवर करावा. वेगवान काडतुसाची गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरते आणि त्या टप्प्यात डळमळू शकते, म्हणून स्पर्धेची .२२ काडतुसे बहुधा सुरुवातीपासूनच ध्वनीपेक्षा मंद असतात. एका नळीला मानवलेली काडतुसे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या नळीला मानवतीलच असे नाही. त्यामुळे निरनिराळी काडतुसे झाडून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. काडतुसाची खोली, म्हणजे काडतूस बसते ती नळीची मागची पोकळी, घट्ट असलेली स्पर्धेची नळी पुंजका आणखी आवळते, पण खोली फारच घट्ट असेल तर काडतूस अडकते, आणि अर्धस्वयंचलित रायफलीत हा दोष परवडत नाही.

मोजमापात सर्वाधिक फसगत होते. तीन गोळ्यांचा सुरेख पुंजका योगायोगानेही पडतो. दहा गोळ्यांचे काही पुंजके, तेही टेकूवरून झाडलेले, पाहिल्याखेरीज बदलाचा गुण आला की नाही ते सांगू नये. एका वेळी एकच बदल करावा.

या विद्येला मोठी चालना अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय स्पर्धांनी दिली. तिथे एम-१ गॅरंड आणि नंतर एम-१४ या अमेरिकी लष्करी रायफलींचा लाकडी दस्ता राळेने भरून यंत्रणा त्यात हलणार नाही अशी बसवत. याला बेडिंग म्हणतात. यंत्रणा वरचेवर दस्त्यातून काढली की बेडिंग झिजते, म्हणून स्पर्धक सफाईसाठीही ती सहसा उतरवत नसत. १९९० च्या दशकात एआर-१५ जातीच्या रायफलींनी त्यांची जागा घेतली. यांना बेडिंगची गरज जवळपास नसते. नळी फक्त मागच्या टोकाला धरलेली ठेवून हातपकड तिच्यापासून वेगळी केली की नेम धरताना हाताला गुंडाळलेल्या पट्ट्याचा ताण नळीपर्यंत पोहोचत नाही आणि गोळी जागा सोडत नाही.

चाप हलका केल्याने रायफल स्वतः सुधारत नाही. नेमबाजाच्या हातून ती कमी हलते, एवढेच. इथे हाव धोक्याची आहे. बार उडवणाऱ्या हातोड्याला रोखून धरणाऱ्या चापाच्या खाचेची पकड फार कमी केली तर बोल्ट आदळताच हातोडा निसटून दुसरा बार आपोआप उडू शकतो. अमेरिकेतील सर्व्हिस रायफल (लष्करी धाटणीच्या रायफलींच्या) स्पर्धांत चापाला किमान साडेचार पौंडांचा, म्हणजे सुमारे दोन किलोंचा ओढा लागलाच पाहिजे असा नियम आहे. चापाचे काम म्हणून जाणकार कारागिराकडेच द्यावे.