मॅजिक मशरूम डोक्यात जाऊन नेमकं करतं काय?

मॅजिक मशरूममधलं सायलोसायबिन पोटात गेलं की शरीर त्यातला फॉस्फेटचा तुकडा काढून टाकतं आणि त्याचं सायलोसिन होतं, मेंदूवर परिणाम करतं ते हे सायलोसिन. ते दिसायला बरंचसं सेरोटोनिनसारखं, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनासारखं, त्यामुळे सेरोटोनिनच्या २ए नावाच्या रिसेप्टरवर (पेशीवरची निरोप घेणारी जागा) जाऊन बसतं, आणि हे रिसेप्टर मेंदूच्या बाहेरच्या थरात भरपूर असतात. १९९८ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी आधी केटान्सेरिन नावाचं औषध देऊन हेच रिसेप्टर बंद केले आणि मग सायलोसायबिन दिलं, तर भासबिस जवळपास झालेच नाहीत.

मला सगळ्यात भारी वाटतो तो यापुढचा भाग. आपण नुसते बसलेलो असतो तेव्हा मेंदूतलं एक नेटवर्क चालू असतं, डिफॉल्ट मोड नेटवर्क, मागचं आठवणं, पुढची काळजी, मी असा का वागलो, हे सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे आणि डिप्रेशनमध्ये माणूस याच चक्रात फिरत राहतो. २०२४ मध्ये अमेरिकेत सात निरोगी लोकांचे डोसच्या आधी, डोस चालू असताना आणि नंतरही पुन्हा पुन्हा स्कॅन काढले, तेव्हा दिसलं की एरवी एका तालात चालणारे भाग डोसनंतर एकदम बेताल झाले, आणि हा गोंधळ या नेटवर्कमध्ये सगळ्यात जास्त होता. बाकीचं बरंचसं लवकर पूर्ववत झालं पण या नेटवर्कचा हिप्पोकॅम्पसशी, म्हणजे आठवणी सांभाळणाऱ्या भागाशी, असलेला संबंध पुढे काही आठवडे सैलच राहिला. उंदरांमध्ये तर एका डोसनंतर २४ तासांत न्यूरॉन्सवरचे बारीक काटे, म्हणजे जिथे दुसऱ्या पेशी जोडल्या जातात ते, सुमारे १० टक्क्यांनी वाढलेले दिसले.

आता माणसांवरच्या उपचाराचं. इथे गोळी हातात देऊन घरी पाठवत नाहीत, आधी थेरपिस्टशी बोलणं होतं, मग डोळ्यांवर पट्टी, कानात म्युझिक, सहा-आठ तास माणूस पडून असतो आणि शेजारी ट्रेनिंग घेतलेलं कोणीतरी सतत बसलेलं असतं, नंतर जे दिसलं-जाणवलं त्यावर परत बोलणं. २०२२ च्या एका ट्रायलमध्ये औषधांना दाद न देणारं डिप्रेशन असलेले २३३ जण होते, तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमवाल्यांपैकी २९ टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले, तुलनेसाठी नाममात्र १ मिलिग्रॅम दिलेल्यांपैकी ८ टक्के. फरक मोठा आहे, पण बारा आठवड्यांपर्यंत तो बराच ओसरला, आणि आत्महत्येचे विचार येण्यासारख्या तक्रारी सगळ्याच गटांत नोंदल्या गेल्या हेही सांगायलाच हवं. शिवाय खरा डोस मिळालेल्याला ते लगेच कळतं, त्यामुळे प्लासीबोशी, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीशी, तुलना नीट होतच नाही, आणि माझ्या मते या सगळ्या रिसर्चची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

म्हणून कोणी स्वतःच प्रयोग करायला निघालं तर मला खरंच भीती वाटते. स्वतःला किंवा घरात कोणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर असेल तर अशा लोकांना ट्रायलमध्ये सहसा घेतच नाहीत, लिथियमसोबत (बायपोलरवरचं औषध) घेतल्यावर फिट्स आल्याच्या नोंदी आहेत, आणि रानातून तोडून आणायचं म्हटलं तर गॅलेरिना नावाचं लहान तपकिरी मशरूम मॅजिक मशरूमसारखंच दिसतं, त्यातलं विष लिव्हर निकामी करतं आणि त्रास सुरू होतो तोच मुळी सहा-बारा तासांनी, तोपर्यंत विष अंगात भिनलेलं असतं.