परवचा जुनी, पण मेंदूला पटणारी

आमच्या साताऱ्याकडं अजून अशी म्हातारी माणसं भेटतात ज्यांना दीडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे दीड, अडीच, साडेतीनचे पाढे) सगळं तोंडपाठ आहे, आठ साडेतीन किती विचारलं की अठ्ठावीस लगेच, कॅल्क्युलेटर काढायच्या आत. रुपयाचे १६ आणे होते तेव्हा पाव-पाऊणचे पाढे रोजच्या बाजाराला लागायचेच, म्हणून पंतोजींच्या काळापासून धूळपाटीवर गिरवायचं आणि दिवेलागणीला परवचा, म्हणजे न बघता पाढे, म्हणायची हेच शिक्षण.

मग वारं फिरलं. पोरानं हातानं करून शिकावं असं म्हणत अमेरिकेतल्या जॉन ड्युई या शिक्षणतज्ज्ञानं १८९६ मध्ये शिकागोत प्रयोगशाळाच म्हणावी अशी शाळा काढली. इकडं भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह, जिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची, कष्ट करून शिकायची. मला विचाराल तर हा बदल सगळ्यात मोठा, कारण कसं शिकवायचं यावर पुष्कळ जण बोलत होते पण कुणाला शिकवायचं हा प्रश्न भाऊरावांनी थेट हातात घेतला.

पण या सगळ्यात पाठांतर बदनाम झालं, घोकंपट्टी म्हणून, आणि ते पूर्ण बरोबर नाही. जर्मनीत एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरं पाठ करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, मग हळू. पुढं २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या पोरांना उतारे दिले, काहींनी परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढं होते, पण आठवड्यानं त्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के!

म्हणजे परत वाचताना ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा भास होतो, खरी पकड बसते ती डोक्यातून बाहेर काढताना. परवचेत रोज नेमकं हेच व्हायचं, पुस्तक न बघता. अर्थ न कळता नुसतं म्हणणं उपयोगाचं नाही हे ड्युईचं म्हणणं खरंच आहे, पण समजलेलंही आठवून बघितलं नाही तर निसटतंच.

दहावीची पोरं गाईडवर पिवळा हायलायटर फिरवत बसलेली दिसली की मी तेवढंच सांगते, धडा वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, राहिलेलं बघ, आणि दोन दिवसांनी परत तेच कर.