गिझरचा नॉन-रिटर्न आणि सेफ्टी व्हॉल्व्ह: दोन्ही एकच नाहीत

साताऱ्यात काय, सांगलीत काय, हार्डवेअरच्या दुकानात ‘गिझरचा व्हॉल्व्ह द्या’ म्हटलं की काउंटरवर पितळी नॉन-रिटर्न येतो. ‘सेफ्टी हवाय’ म्हटलं तर ‘तोच हो, दोन्ही एकच’ असं ऐकायला मिळतं. दोन्ही एकच नाहीत. नॉन-रिटर्न पाण्याची परतीची वाट बंद करतो. ती वाट बंद झाल्यावर कोंडलेल्या दाबाला दुसरा, म्हणजे सेफ्टी, वाट करून देतो. नुसता पहिला बसवून दुसरा वगळणं हे दोन्ही न बसवण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

नॉन-रिटर्न तुमच्या ओळखीचा आहे. विहिरीवरच्या मोटारीला, बोअरच्या पाइपला तो असतोच. गिझरला तो लागतो याचं कारण गिझरमध्ये गार पाणी तळाशी शिरतं आणि गरम पाणी वरच्या भागातून बाहेर जातं. गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडला, तर गिझरमधलं पाणी तळाच्या वाटेनं ओढलं जाऊ शकतं. मग कॉइल उघडी पडते आणि वीज चालू असेल तर कोरडी तापून जळते. गार पाण्याच्या नळाला अधूनमधून कोमट पाणी येत असेल, तर नॉन-रिटर्न नाही किंवा त्यात कचरा अडकलाय असं समजा. स्प्रिंगचा की झडपेचा, पितळी की प्लॅस्टिकचा, यावर फार वेळ घालवू नका. अर्धा इंची, पितळी, स्प्रिंगचा घ्या आणि बाण गिझरकडे ठेवून बसवा.

आता खरी गोम. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटरचा गिझर २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेला की आतलं पाणी साधारण पाव लिटरनं वाढतं. २५ लिटरच्या गिझरमध्ये ही वाढ ४०० मिलीलिटरच्या आसपास जाते. पाणी हवेसारखं दाबून बसवता येत नाही, त्यामुळे या पाव लिटरला कुठेतरी जागा द्यावीच लागते. गरम पाण्याचा नळ बंद, गिझरची टाकी काठोकाठ भरलेली. मग ते जाणार कुठे?

जुन्या घरांत ते आल्या वाटेनं मागे सरकून गच्चीवरच्या टाकीकडे जात होतं. लाइन उघडी होती, म्हणून दाब कधी चढलाच नाही. ‘आमच्या जुन्या गिझरला सेफ्टी नव्हता, पंधरा वर्षं काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे, पण त्याचं कारण हे आहे. त्याच लाइनवर नॉन-रिटर्न बसवला की परतीचा रस्ता बंद होतो आणि प्रत्येक तापण्याबरोबर गिझरच्या टाकीवर ताण येतो. आधी जोड झिरपतात, मग टाकीचा सांधा फुटतो, आणि दोष गिझरच्या कंपनीला दिला जातो. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर वीज तोडणारा भाग, चिकटून चालूच राहिला आणि त्याच्या जोडीला असलेला जादा तापल्यावर उडणारा कटआउटही उडाला नाही, तर पुढचं आणखी वाईट. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टाकी फुटली की त्यातला काही भाग एका क्षणात वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरपेक्षा जास्त जागा मागते.

प्रेशर पंप असलेल्या घरांनी इकडे जास्त लक्ष द्यावं. सांगलीत विश्रामबागेकडे काय किंवा साताऱ्यात शाहूनगरकडे काय, वरच्या मजल्यांना शॉवरला जोर हवा म्हणून पंप बसवतात. पंपाच्या लाइनवर बहुतेक वेळा नॉन-रिटर्न असतोच. म्हणजे गिझरपाशी तो बसवला नसला तरी परतीची वाट बंदच आहे. नुसत्या उताराच्या पाण्याचा दाब किती? दहा मीटर उंचीला सुमारे एक बार (बार म्हणजे दाब मोजायचं माप). टाकी गिझरच्या तीन-चार मीटर वर असेल तर अर्धा बारही भरत नाही. पंप बसला की हिशेब बदलतो.

सेफ्टी व्हॉल्व्ह ओळखायचा कसा? नॉन-रिटर्नला दोन आटे आणि एक बाण, बाकी काही नसतं. सेफ्टीला बाजूला एक बारीक तोंड असतं, वर छोटा खटका असतो आणि अंगावर दाबाचा आकडा कोरलेला असतो, बहुतेक वेळा ०.८ एमपीए, म्हणजे ८ बार. हा आकडा गिझरच्या पट्टीवर छापलेल्या दाबापेक्षा जास्त नको. साठवणीच्या गिझरसोबत खोक्यात येणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये सहसा दोन्ही कामं एकाच अंगात असतात: नॉन-रिटर्नही तोच, दाब सोडणाराही तोच. घोटाळा इथूनच सुरू होतो. दोन कामं करणारा एक भाग बघून लोक समजतात की कुठलाही एक भाग दोन्ही कामं करतो. खोक्यातला व्हॉल्व्ह बाजूला टाकून दुकानातला साधा नॉन-रिटर्न लावणारा प्लंबर दिसला तर काम तिथेच थांबवा.

दोन वेगळे भाग बसवत असाल तर क्रम चुकवू नका. भिंतीतून अँगल कॉक, मग नॉन-रिटर्न, मग सेफ्टी, मग गिझरचं निळं तोंड, म्हणजे गार पाणी आत शिरतं ते. सेफ्टी नॉन-रिटर्नच्या अलीकडे, म्हणजे भिंतीकडे लागला, तर गिझरमधला दाब त्याच्यापर्यंत पोचतच नाही; व्हॉल्व्ह दिसतो, पण असून नसल्यासारखा. सेफ्टी आणि गिझर यांच्यामध्ये कॉकही नको, कारण पुढे दुरुस्तीला आलेला कुणीतरी तो बंद करून जातो. आट्यांवर टेफ्लॉन आठ-दहा वेढे द्या, टेप तोंडाच्या आत जाऊ देऊ नका. आवळताना एका पान्यानं गिझरचं निपल, म्हणजे टाकीतून बाहेर आलेला आट्यांचा तुकडा, धरा, दुसऱ्यानं व्हॉल्व्ह फिरवा. निपल पिळलं गेलं तर टाकीच्या सांध्यावर ताण येतो.

मग बारीक तोंडातून थेंब पडायला लागतात आणि तक्रार येते: गिझर गळतो. तापताना पडणारे थेंब ही गळती नाही, ते वर सांगितलेलं पाव लिटर आहे. २ किलोवॅटच्या कॉइलवर १५ लिटर पाणी ४० अंशांनी तापायला २० मिनिटांच्या थोडं वर लागतं, तेवढ्या वेळात थेंब येतात आणि पाणी तापलं की थांबतात. काही घरांत थेंब दिसतच नाहीत, कारण मध्येच नळ उघडला जातो किंवा नॉन-रिटर्न थोडं पाणी मागे सोडतो. थेंब बंद करण्यासाठी त्या तोंडात डमी (बूच) मारणं, एम-सील भरणं, काडी ठोकणं, हे सगळं बघायला मिळतं. यापेक्षा घातक काम गिझरवर दुसरं नाही. गिझर भिंतीवर लटकलेला आहे, खाली माणूस अंघोळ करतोय, आणि दाबासाठी ठेवलेली वाट आपण हातानं बुजवली.

थेंब नको असतील तर त्या तोंडाला नळी लावून ती फरशीच्या जाळीपर्यंत न्या. आपल्याकडे घरात ठिबकची नळी पडलेली असते, तीच लावली जाते. रोजच्या गार थेंबांना ती चालते, पण दोष झाल्यावर त्यातून उकळतं पाणी येईल आणि ती लगेच मऊ पडेल. उष्णता सोसणारी नळी घ्या. तिला सतत खाली उतार हवा, मध्ये वेटोळं नको, टोकाला नळ नको, आणि टोक दिसेल असं उघडं हवं. बादलीत बुडवून ठेवू नका.

पहिल्यांदा चालू करताना आधी गरम पाण्याचा नळ उघडा, हवा निघून जाऊन धार अखंड झाली की मगच स्विच दाबा.

महिन्यातून एकदा, गिझर बंद आणि पाणी गार असताना, खटका क्षणभर उचलून पाणी सोडा. जत, आटपाडी, माण, खटाव भागात जिथे बोअरच्या जड पाण्यावर गिझर चालतो, तिथे हे टाळू नका. व्हॉल्व्हच्या बैठकीवर क्षार बसून तो चिकटतो आणि चिकटलेला व्हॉल्व्ह बाहेरून धडधाकटच दिसतो. खटका उचलून पाणी आलं नाही तर तो बदला.

गिझर बंद, पाणी गार आणि तरीही रात्रंदिवस थेंब चालू, असं असेल तर मात्र ती गळती आहे. बैठकीत कचरा अडकला असेल, तर खटका तीन-चार वेळा उचलून धार सोडली की बहुधा निघतो. न निघाल्यास पंपाचा दाब तपासा. तोही ठीक असेल तर व्हॉल्व्ह बदला, आणि नवा त्याच आकड्याचा घ्या. ‘गळू नये म्हणून जरा जास्त दाबाचा देतो’ असं कुणी म्हणालं तर घेऊ नका.